डावा काठ, चार बोटं

"संपलो!"

मामांच्या तोंडून हा शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी हातातलं सोल्डरिंग आयर्न तसंच टाकून धावले होते. वाटलं, माणसाला शॉक बसला. मशीनची मागची फळी उघडी होती, आत पिक्चर ट्यूब, आणि ट्यूबचा शॉक काय चीज असते ते मी एकदा खाऊन बसले होते. जाऊन बघते तर मामा स्टुलावर मांडी घालून बसलेले आणि तोंडभर हसू.

"काय झालं मामा?"

"काय नाय. गेम संपलो."

"मग संपला म्हणा ना! संपलो काय? मला वाटलं तुम्हीच संपलात."

"गो बाय, तो संपलो. मी संपलंय काय? मी हय तुज्यासमोर बसलंय."

"संपलंय म्हणजे ते संपलंय. काम संपलंय, जेवण संपलंय."

"तां तुमच्यात. आमच्याकडे तो संपलो, नि मी संपलंय," मामा म्हणाले आणि पुढच्या मशीनकडे वळले. आम्ही जुन्नरकडचे. मालवणीशी माझं काही देणंघेणं नव्हतं. पण त्या दिवसापासून मला चाळाच लागला. ते "संपलो" म्हणाले की मी इकडून ओरडायची, "अरेरे, चांगला माणूस होता!" अख्खा गाळा हसायचा. मामाही हसायचे. असल्या फालतू विनोदावर आम्ही सहा-सात महिने काढले. आज तो आठवला की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं.

आमचा गाळा मरोळच्या औद्योगिक वसाहतीत होता. तिथे व्हिडिओ गेमची मशिनं बनायची, पार्लरमध्ये ठेवतात तसली, उभी, कपाटाएवढी. प्लायवूडचं खोकं आमचं, ट्यूब आमची, वायरिंग माझं. आतला सर्किट बोर्ड तेवढा परदेशातून यायचा. मी वीस-एकवीस वर्षांची होते, चकाल्याहून चालत यायची, आणि जिभेला हाड नाही म्हणून घरीदारी प्रसिद्ध होते. मामा, म्हणजे अख्ख्या गाळ्याचेच मामा, टेस्टिंगला. तयार झालेलं मशीन त्यांनी खेळून बघायचं आणि पास करायचं, एवढंच काम.

पन्नाशी ओलांडलेला माणूस व्हिडिओ गेम खेळायला कशाला ठेवला, असं कुणीही विचारेल. मामा गिरणीतले. बावीस वर्षं त्यांनी कापड तपासलं होतं. अख्ख्या ताग्यातला एक तुटका धागा त्यांना लांबून दिसायचा. मग संप झाला, गिरणीचं दार बंद झालं, आणि आमच्या शेठने त्यांना उचललं. शेठ म्हणाला, बाकी काय येत नसलं तरी याची नजर आहे. त्यात काही खोटं नव्हतं. मी एकदा सेलमधली साडी नेसून आले तर दारातूनच म्हणाले, "पदराचो एक धागो सुटलोहा." मी म्हटलं कुठे? मला हातात धरूनही दिसेना. संध्याकाळी मामा स्वतः माझ्याबरोबर अंधेरीच्या त्या दुकानात आले, काउंटरवर पदर पसरला आणि दुकानदाराला बोट ठेवून दाखवलं. साडी बदलून मिळाली. दुकानदाराने मामांना चहा पाजला तो वेगळा.

मामांना कुठलीही गोष्ट अर्धी सोडलेली खपायची नाही. सिनेमाला गेले की पडद्यावरची शेवटची अक्षरं जाऊन झाडूवाला येईपर्यंत बसून राहायचे. आमच्या सुताराच्या लग्नाला गेले तर मांडव सोडून बांबू टेंपोत चढेपर्यंत थांबले. बसने येताना मधल्या स्टॉपला उतरायचे नाहीत, शेवटच्या स्टॉपला जाऊन गाळ्यापर्यंत मागे चालत यायचे. मी विचारलं, असं का? तर म्हणाले, "सुरवात काय, कोण पण करता. शेवट बघूक व्हयो."

त्याचं कारण मला कळायला वेळ लागला. शेठ त्यांना परमनंट करायला निघाला होता. फॉर्म आणला, पेन दिलं. मामांनी फॉर्म परत केला. "माजी एक नोकरी आसा. मी अजून संपार आसंय. संप मिटलो की थय जातलंय." संपाला तेव्हा चार-पाच वर्षं झाली होती. गिरणीच्या आवारात गवत वाढलं होतं. पण संप मिटल्याचं कुणी जाहीर केलं नव्हतं, म्हणून मामांच्या लेखी तो चालू होता. ते स्वतःला कधी बेकार म्हणाले नाहीत की माजी कामगार म्हणाले नाहीत. संपावर होते, बस्स. शेठ कपाळाला हात लावून निघून गेला.

तर असा माणूस मशीन तपासायला बसला की काय होणार! बाकीचे टेस्टर दोन मिनिटं दांडा हलवतात, बटणं दाबतात, पास म्हणतात. मामा आधी साबणाने हात धुवायचे, कारण गिरणीत कापडाला डाग लागू नये म्हणून तशी सवय. मग चपला काढून स्टुलावर मांडी. आणि खेळ सुरू केला की तो पूर्ण संपेपर्यंत उठायचे नाहीत. ते खेळ असे होते की सगळे टप्पे पार केले की पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचे. मामांचा नियम ठरलेला. "पयला चित्र परत येवक व्हया. मधीच खयतरी बिघाड आसलो तर?"

खेळांना नावंही त्यांनीच ठेवली होती. वरून रांगेने उतरणारे प्राणी होते तो कुर्ल्यांचा, म्हणजे खेकड्यांचा. मग मोटारीचा, पाखराचा, रणगाड्याचा. एकदा वांद्र्याच्या एका पार्लरचं उद्घाटन होतं आणि कुर्ल्यांचं मशीन तिकडे जायचं होतं. टेंपो दारात उभा, शेठ घामाघूम, आणि मामा मांडी घालून खेळतायत.

"मामा, द्या ना आता. तिकडे नारळ घेऊन उभे आहेत."

"पयला चित्र परत येवंदे."

"अहो, खेळतील की तिकडचे लोक!"

"ते मराक खेळतत. मी तपासूक खेळतंय."

अडीच तास गेले. टेंपोवाला पण शेवटी आत येऊन मामांच्या मागे उभा राहिला आणि "मामा, वरून, वरून!" असं ओरडायला लागला. पहिलं चित्र आलं, मामा म्हणाले "संपलो," आणि टेंपोवाल्याने टाळ्या पिटल्या. मी ठरल्याप्रमाणे "चांगला माणूस होता" म्हटलं.

याचं सगळं रजिस्टर असायचं. लांबट, लाल कापडी बांधणीचं, एक जानेवारीला नवीन सुरू. तारीख, मशीनचा नंबर, खेळाचं नाव, मग 'काठ' आणि शेवटी 'संपला की नाही'. काठ हा त्यांचा गिरणीतला शब्द. कापडाचे दोन्ही काठ सरळ आहेत का बघतात, तसे हे पडद्याचे काठ बघायचे. लिहायची मी, कारण मामांचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. ते सांगायचे, "लिव," आणि मी लिहायची. त्या वर्षी त्यांनी मनाशी ठरवलं होतं की जेवढी मशिनं बनतील तेवढी सगळी शेवटपर्यंत खेळायची. "एक पण अर्धो सोडूचो नाय. एक वर्स तरी पुरा करूया गो." माझी भाची हल्ली वर्षभरात किती गेम संपवले त्याची यादी कॉम्प्युटरवर करते आणि एकतीस डिसेंबरला मला कौतुकाने दाखवायला येते. मी चष्मा सापडत नाही असं सांगते.

फेब्रुवारीत मामा पहिल्यांदा म्हणाले, "लिव. डावो काठ बोटभर नाय."

मी लिहिलं. ट्यूब बघणाऱ्याने मीटर लावून तपासलं, ट्यूब ठणठणीत होती. तरी मामांच्या शब्दाला मान होता, म्हणून बदलली. पुढच्या मशीनला पुन्हा तेच. मार्चमध्ये "दोन बोटां नाय." एप्रिलमध्ये तीन. मामा पडद्यावर आडवी बोटं ठेवून मोजायचे आणि मी लिहायची. मे महिन्यात चार बोटं झाली. रणगाड्याच्या खेळात डावीकडून रणगाडा आला की मामा मेलेच. "हो मेलो खयसून इलो? दिसाक पण नाय!" असं म्हणून पुन्हा खेळायचे. मशिनं अडकून पडायला लागली, एका मागे एक, भिंतीला लागून.

शेठ एक दिवस फुटला. "अरे मामा, सगळ्या ट्यूबा काय डाव्या बाजूनेच सडून येतात काय?"

"माका काय म्हायत? जां दिसता तां सांगतंय."

तेव्हा आमच्यापैकी कुणाच्याही डोक्यात आलं नाही की डावा काठ ट्यूबचा गेला नसेल. ज्याची नजर आम्ही डोक्यावर घेऊन नाचत होतो, तीच नजर कशी बिघडेल? खरं सांगायचं तर माझ्या डोक्यात आलं होतं. मामांच्या डाव्या हाताला चहाचा ग्लास ठेवला की तो सांडायचा. दारातून जाताना डावा खांदा चौकटीला आपटायचा. खेळताना मान डावीकडे वळवून बसायला लागले होते. मी बघत होते. मनात म्हटलं, मोतीबिंदू असेल, वय झालंय, पिकला की काढतील. माझ्या आत्याचा तसाच काढला होता आणि ती नंतर सुईत दोरा ओवत होती.

शेठ मला बाजूला घेऊन म्हणाला, "रजिस्टर तू लिहितेस ना? मग नीट लिही. आणखी एक मशीन रिजेक्ट झालं तर मी मामाला सांगणार, संपावर आहेस ना, मग घरी जाऊन संपावर बस."

मी काय करणार होते? मामांची एक नोकरी आधीच गेली होती. घरी मामी एकट्या, पदरी मूलबाळ नाही. ही पण गेली असती तर त्या वयात कोण उभं करणार होतं त्यांना? मी जूनपासून लिहायला लागले, 'काठ ठीक'. मामा विचारायचे, "लिवलंस?" मी म्हणायची, "लिहिलं." पूर्वी ते ओळीवरून बोट फिरवून वाचायचे, आता वाचत नव्हते. वाचता येत नसणार.

पण काठाचं निभावलं तरी खेळ संपायचं काय? आता मामांना शेवटपर्यंत जाताच येत नव्हतं. किती जीव शिल्लक आहेत ते पडद्याच्या कोपऱ्यात दिसतं, आणि कोपरा तर त्यांना दिसत नव्हता. ते मला विचारायचे, "किती उरले गो?" मी शेजारी वायरी सोलत बसलेली. पहिल्यांदा म्हटलं, "दोन." उरला एकही नव्हता. खेळ संपून मधोमध इंग्रजी अक्षरं आली. मामांना इंग्रजी येत नव्हतं. जिंकलं तरी इंग्रजी, हरलं तरी इंग्रजी. आणि मग, जिंकलं तरी, हरलं तरी, मशीन पहिलं चित्र दाखवतं.

"पयला चित्र इला काय?"

"आलं मामा."

"संपलो?"

"संपला."

बघा, यात खोटा शब्द एकच, तो 'दोन'. पुढे पुढे मी तोही सोडला, "आहेत, खेळा तुम्ही," एवढंच म्हणायची. बाकी सगळं खरं. पहिलं चित्र आलंच होतं, गेम संपलाच होता. कित्येक वर्षं मी स्वतःला हेच सांगत आले की मी खोटं बोलले नाही. मामांना कळत नव्हतं का? अर्धं कळत असणार. पूर्वी कुर्ल्यांचा खेळ अडीच तास चालायचा, आता वीस मिनिटांत संपत होता. ते एकदा म्हणालेही, "लवकर संपलो गो." मी म्हटलं, "तुमचा हात बसलाय आता, मामा." ते खूश झाले. मशिनं भराभर जायला लागली, शेठने मला दिवाळीआधीच पगारवाढ दिली, आणि मी ती घेतली.

दसऱ्याला आम्ही गाळ्यात मशिनांची पूजा करायचो, झेंडूच्या माळा घालून. त्या दिवशी मामी आल्या होत्या. बुटक्या, गोल चेहऱ्याच्या, हातात करंज्यांचा डबा. डबा देता देता त्यांनी मला वायरिंगच्या टेबलामागे ओढलं.

"ह्येंका कमी दिसता गो. परवा जिन्यार पडले. डॉक्टराक दाखवया म्हटला तर माझा आयकतत काय? तुजा रजिस्टर सांगतत. म्हणतत, वर्सभरात एक पण मशीन अर्धा रवला नाय, माज्या डोळ्याक काय झाला?" त्यांनी माझा हात घट्ट धरला होता. "खरा मा गो? सगळे संपवतत?"

मामा चार हातांवर उभे होते. शेठही होता. मी म्हटलं, "हो मामी, सगळे संपतात. मोतीबिंदू असेल थोडासा. पिकला की काढतील, काही नसतं त्यात."

मामींचा जीव भांड्यात पडला. त्यांनी माझ्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली आणि मला एक करंजी जास्त दिली. जिभेला हाड नसलेली मी, तेव्हा खरं एक वाक्य बोलायचं होतं तर ती जीभ टाळ्याला चिकटून बसली.

एकतीस डिसेंबरला मामांनी मालवणचं खाजं आणलं. मी सगळ्यांसमोर रजिस्टर उघडून मोठ्याने बेरीज वाचली. एकशे अठरा मशिनं, एकशे अठरा संपले. सुताराने शिट्टी मारली. मामांचे डोळे भरून आले. "कायतरी एक पुरा झाला माज्या हातान," असं म्हणाले आणि पुडा उघडून पहिलं खाजं मला द्यायला वळले. मी त्यांच्या डावीकडे उभी होते. मामांनी खाजं खांबापुढे धरलं. "घे गो. घे मा. लाजतंस काय?"

सगळे हसले. वाटलं, मामा गंमत करतायत. मामांनाही हसणं ऐकून काहीतरी चुकल्याचं कळलं, आणि तेही हसले, हात तसाच खांबापुढे. मी पुढे होऊन ते खाजं घेतलं. हा मोतीबिंदू नव्हे, एवढं मला त्या क्षणी कळून चुकलं.

दोन दिवसांनी मी आणि मामी त्यांना मोठ्या इस्पितळात घेऊन गेलो. किती दिवसांपासून त्रास आहे ते नीट सांगता यावं म्हणून मी रजिस्टर पिशवीत घातलं होतं. आत एका खोलीत भिंतीवर काळं कापड ताणून लावलेलं. डॉक्टरांनी मामांना समोर बसवलं, डावा डोळा झाकला आणि सांगितलं, "समोर मध्ये बघत राहायचं. ही काठी आहे, टोकाला पांढरा मणी आहे. मणी कडेने आत येईल. दिसला की सांगा."

मामा उठून कापडाजवळ गेले आणि नखाच्या पाठीने ते चाचपून पाहिलं. "कापड बरा आसा." मग मागे येऊन बसले. मांडी घालायला गेले, पण खुर्ची अरुंद होती.

मणी डावीकडून निघाला. मामा काहीच बोलले नाहीत. मणी आत आला, अजून आत आला, मामांच्या नाकासमोर यायला चार बोटं राहिली तेव्हा ते म्हणाले, "हा इलो." डॉक्टरांनी कागदावर खूण केली. वरून, खालून, उजवीकडून, सगळीकडून तसंच. मामा मन लावून खेळत होते. कपाळावर घाम होता. कागदावरच्या गोलाला डॉक्टर कडेपासून पेन्सिलने काळं करत गेले आणि शेवटी मधे बांगडीएवढं पांढरं उरलं. दुसऱ्या डोळ्याच्या कागदावर तेवढंही नव्हतं.

"काचबिंदू आहे," डॉक्टर मला म्हणाले. "केव्हापासून?"

मी रजिस्टर दिलं. त्यांनी पानं उलटली. फेब्रुवारी, मार्च, एप्रिल, मे. ते थांबले. "हे कोणी मोजलंय? आम्ही कागदावर काढतो तेच आहे हे. दर आठवड्याला किती गेलं ते बोटांच्या मापाने लिहिलंय." मग त्यांनी पुढचं पान उलटलं. "आणि जूनपासून ठीक? ठीक, ठीक, ठीक. हे ठीक कसं झालं?"

मी पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिले.

"जूनमध्ये आणलं असतंत तर उजव्या डोळ्यातलं बरंचसं वाचलं असतं. यात गेलेलं परत येत नाही. हा पिकायची वाट बघायचा आजार नाही." ते रागावले नव्हते. नुसतं सांगत होते. मामी माझ्याकडे बघत होत्या. त्यांना सगळं कळलं होतं की नाही, मला आजही माहीत नाही.

बाहेर बाकावर बसल्यावर मामांनी हात पुढे केला. "रजिस्टर दी." मी त्यांच्या मांडीवर ठेवलं. ते पानांवरून तळहात फिरवत राहिले.

"किती झाले म्हणलंस गेल्या वर्साचे?"

"एकशे अठरा."

"खरे किती?"

मी बोटांवर मोजायचं सोंग केलं, पण मोजायची गरज नव्हती. आकडा मला पाठ होता. "सेहेचाळीस."

मामांनी मान हलवली. रजिस्टर माझ्याकडे सरकवलं. मग म्हणाले, "मगे तेवढेच लिव. खोटा रवता नये." मी तिथे बसून, पेशंटच्या नंबराची हाक चालू असताना, एकेका ओळीवर आडवी रेघ मारली. बहात्तर रेघा. मामा प्रत्येक रेघेला "मारलंस?" विचारत होते आणि मी "मारली" म्हणत होते. या वेळी खरंच मारत होते. त्यांनी मला एका शब्दाने बोल लावला नाही. दोन शिव्या हासडल्या असत्या, मामींनी एक मुस्काटात दिली असती, तर मी निदान रडले असते.

मामा गाळ्यावर परत आले नाहीत. शेठने दुसरा टेस्टर ठेवला, तो दोन मिनिटांत पास करायचा. मी रविवारी घाटकोपरला त्यांच्या घरी जायची. मामा पलंगावर मांडी घालून बसलेले असायचे, चादरीचा काठ बोटांत धरून चाचपत. मी बोलायची, ते ऐकायचे. उजव्यातलं बांगडीएवढं पांढरंही आक्रसत होतं. डॉक्टर म्हणाले होते की औषधाचे थेंब घालत राहा, आहे तेवढं टिकवू. पण टिकत नव्हतं. संपाचं त्यांनी पुन्हा नाव काढलं नाही. मीच एकदा मूर्खासारखं विचारलं, गिरणीचं काही कळलं का? मामांनी चादरीचा काठ सोडला आणि भिंतीकडे तोंड केलं.

मे महिन्यात आम्ही तिघं पुन्हा इस्पितळात गेलो. या वेळी नवीन डॉक्टर होते, पोरसवदा, पुण्याकडचे असावेत, शुद्ध बोलणारे. स्वभावाने चांगले. त्यांनी मामांचा हात धरून खुर्चीवर बसवलं, बॅटरी लावून दोन्ही डोळे पाहिले आणि कागदावर काहीतरी लिहिलं. उजव्या डोळ्यापुढे बोटं धरून किती दिसतात ते विचारलं. मामांनी खुर्चीचा काठ चाचपला. डॉक्टरांनी बोटं खाली घेतली.

"बरं आजोबा, थेंब वेळेवर घालताय ना? औषध आहे का अजून घरात?"

मामा समोर बघत होते. म्हणजे तोंड समोर होतं.

"संपलंय," ते म्हणाले.

मामींनी पदर तोंडात कोंबला. मला तर मामांनीच शिकवलं होतं. तो संपलो, आणि मी संपलंय. मला ओरडायचं होतं की डॉक्टर, औषध नाही हो संपलं, अर्धी बाटली घरी फळीवर आहे, हा माणूस वेगळं सांगतोय.

"संपलंय ना? मग आधी नाही का सांगायचं!" डॉक्टर हसून म्हणाले. "लिहून देतो. या वेळी दोन बाटल्या घेऊन ठेवा."

मी त्यांना दुरुस्त केलं नाही. चिठ्ठी घेतली, आणि औषधाच्या खिडकीशी रांगेत जाऊन उभी राहिले.